डोंगराचे दुखणे ओळखणाऱ्या मीराबेन

पावसाळा तोंडावर आला की धाराशिव जिल्ह्यातील बालाघाटच्या उघड्या टेकड्यांवर वृक्षारोपणाची लगबग सुरू होते. खड्डे मोजले जातात, रोपांचे आकडे जाहीर होतात, छायाचित्रे निघतात. राज्यात सर्वात कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत धाराशिवची गणना होत असल्याने ही लगबग स्वाभाविकच म्हणावी लागेल. मात्र कोणते झाड कोणत्या उतारावर लावायचे, त्या झाडाखालची जमीन पाणी धरणार की वाहून जाऊ देणार आणि ते झाड जगविण्यात गावाचा वाटा कोणता, हे प्रश्न आकड्यांच्या गर्दीत मागे पडतात. स्वतंत्र भारतात हे प्रश्न सर्वात आधी आणि सर्वात स्पष्टपणे मांडणाऱ्या मोजक्या व्यक्तींमध्ये एका स्त्रीचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ते नाव म्हणजे मीराबेन.

मीराबेन म्हटले की महात्मा गांधींच्या शेजारी खादीच्या साडीत उभी असलेली, डोक्यावर पदर घेतलेली उंच इंग्रज स्त्री डोळ्यांसमोर येते. रिचर्ड ॲटनबरो यांच्या १९८२ सालच्या गांधी या चित्रपटाने ती प्रतिमा घरोघरी पोहोचविली. पण शिष्या एवढीच त्यांची ओळख धरली, तर त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध निसटून जातो. आणि आजच्या दृष्टीने पाहता त्यांचे सर्वात मोलाचे काम त्या उत्तरार्धातच झाले.

त्यांचे मूळ नाव मॅडलिन स्लेड. जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील एका सुखवस्तू घराण्यात झाला. वडील एडमंड स्लेड ब्रिटिश नौदलात वरिष्ठ अधिकारी होते. आजोळच्या मोठ्या ग्रामीण वाड्यावर घोडे, गाई, झाडे आणि पक्षी यांच्या सहवासात त्यांचे बालपण गेले. माणसांच्या गर्दीपेक्षा झाडाखालचा एकांत त्यांना प्रिय होता. वडिलांची नेमणूक पूर्वेकडील नौदलाच्या प्रमुखपदी झाली, तेव्हा किशोरवयीन मॅडलिन सुमारे दोन वर्षे मुंबईत राहिल्या. अधिकाऱ्यांच्या मेजवान्या आणि नृत्याचे कार्यक्रम यापलीकडचा हिंदुस्थान मात्र त्या वेळी त्यांच्या दृष्टीस पडला नाही.

तरुणपणी बेथोव्हनच्या संगीताने त्यांना झपाटले. त्या ओढीनेच त्या बेथोव्हनवर लिहिणारे फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांच्यापर्यंत पोहोचल्या. रोलाँ यांनी गांधीजींवर लिहिलेले छोटेखानी चरित्र वाचले आणि आयुष्याची दिशाच पालटली. तडकाफडकी निघण्याचा मोह आवरून त्यांनी वर्षभर स्वतःची तयारी केली. मांसाहार सोडला, जमिनीवर झोपण्याची आणि मांडी घालून बसण्याची सवय केली, सूत कातायला आणि उर्दू वाचायला शिकल्या. ६ नोव्हेंबर १९२५ रोजी त्या मुंबईच्या बंदरात उतरल्या. पूर्वी नौदलप्रमुखांची कन्या म्हणून त्यांनी पाहिलेलेच हे शहर, पण या वेळी त्या तेथे थांबल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्या साबरमती आश्रमात दाखल झाल्या. गांधीजींनी त्यांना मीरा हे नाव दिले.

पुढील दोन दशके त्यांनी गांधीजींच्या कामाला वाहिली. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले, तेव्हा त्या सोबत होत्या. सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांनी तुरुंगवास भोगला. मात्र हा प्रवास वाटतो तितका सुखाचा नव्हता. गुरूवरील त्यांची भक्ती इतकी उत्कट होती, की गांधीजींपासून दूर राहावे लागले तर त्या खचून जात. ही ओढ त्यांच्या वाढीच्या आड येते, हे ओळखून गांधीजी त्यांना वारंवार दूरच्या कामावर पाठवीत. स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा हा धडा त्यांना फार कष्टाने गिरवावा लागला.

या धड्याचा एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रात पार पडला. १९३० च्या दशकाच्या मध्यास गांधीजींनी आपला मुक्काम वर्ध्याला हलविला होता. मीराबेन यांनी वर्ध्यालगतच्या सिंदी गावात स्वच्छतेचे काम हाती घेतले आणि त्यानंतर काही मैलांवरच्या सेगाव या खेड्यात मुक्काम केला. चिखलाचा रस्ता, हिवतापाचा प्रादुर्भाव आणि अस्पृश्यतेचा काच सोसणारी वस्ती, असे ते गाव होते. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तेथे पोहोचले. पुढे शेगावशी नामसाधर्म्यामुळे टपालाचा घोळ होऊ लागल्याने १९४० मध्ये या गावाचे सेवाग्राम असे नामकरण झाले.

सेवाग्रामला भेट देणारे आज ज्या बापू कुटीपुढे नतमस्तक होतात, ती मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधून घेतली होती. माती, बांबू, लाकूड आणि कौले अशा परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून, गावकऱ्यांच्याच हातांनी उभी राहिलेली ही झोपडी विदर्भातील उन्हाळ्यातही आत थंडावा राखते. भिंतींवर मातीच्या उठावात कोरलेली ताडाची झाडे आणि चरखा ही त्यांचीच कलाकुसर. गांधीजी नंतर तेथे राहू लागले आणि मीराबेन जवळच्या वरोडा गावातील टेकडीवर झोपडी बांधून राहू लागल्या. पर्यावरणपूरक बांधकाम हा शब्दप्रयोग रूढ होण्याच्या कितीतरी आधी उभी राहिलेली ही वास्तू त्यांच्या विचारांची साक्ष देते. परिसरात काय आहे ते आधी पाहावे, तेथील माणसांचे कसब ओळखावे आणि मगच हात घालावा, ही त्यांची रीत येथेच पक्की झाली.

९ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींसमवेत त्यांनाही अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. तेथेच १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा यांचे निधन झाले. दोन्ही मृत्यू मीराबेन यांनी जवळून पाहिले. मे १९४४ मध्ये सुटका झाली, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. सुटकेनंतर त्यांनी गांधीजींच्या सावलीतून बाहेर पडून स्वतंत्र कामाची वाट धरली आणि पावले उत्तरेकडे, हिमालयाच्या पायथ्याकडे वळविली.

रुरकीजवळ त्यांनी किसान आश्रम उभारला. संयुक्त प्रांताच्या सरकारने त्यांना अधिक धान्य पिकवा मोहिमेच्या मानद सल्लागार म्हणून नेमले. सरकारी कार्यालयात त्यांचे मन रमले नाही. शेतीचा पाया गाय, शेण आणि कंपोस्ट खत यांत आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यातूनच १९४७ च्या सुमारास ऋषिकेशजवळ गंगेच्या काठी पशुलोक ही वसाहत आकाराला आली. ऋषिकेशचा तो भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. पशुलोकच्या कामात गुंतलेल्या असतानाच जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली. ज्यांच्यासाठी देश, घर आणि नाव सोडले, ते गेले होते. तरीही त्यांनी काम सोडले नाही.

पशुलोकात असताना दर पावसाळ्यात एक दृश्य त्यांच्या नजरेस पडत असे. डोंगरातून उतरणारे पाणी अचानक फुगे आणि त्यासोबत माती, उन्मळलेली झाडे, कधी जनावरेही वाहून येत. पूर म्हणजे दैवी कोप, अशी समजूत करून घेऊन बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पुराचे मूळ काठावर सापडणार नाही, ते वर डोंगरातच शोधावे लागेल, हे त्यांनी ताडले. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी टिहरी गढवालमधील भिलंगना नदीच्या खोऱ्यात गोपाल आश्रम स्थापन केला आणि आसपासची वने पायी पालथी घालण्यास सुरुवात केली.

या भटकंतीत त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट वरवर साधी होती. मध्यम उंचीच्या उतारांवर पूर्वी बांज या ओक जातीच्या रुंद पानांच्या झाडाचे राज्य होते. त्याची जागा आता चीड म्हणजे देवदाराच्या दूरच्या नात्यातील सूचिपर्णी वृक्ष घेऊ लागला होता. चीड हा मुळात खालच्या, उष्ण उतारांवरचा रहिवासी. तो वर सरकत होता आणि बांज मागे हटत होता. जंगल हिरवेच दिसत होते, झाडांची गणती केली तर ती कदाचित भरलीही असती. डोंगराची प्रकृती मात्र बिघडली होती.

याचे कारण दोन झाडांच्या स्वभावात दडले होते. बांजची पाने गळून कुजतात, त्यांचा जाड थर जमिनीवर साचतो. त्याखाली झुडपे, गवत आणि वेली वाढतात. पावसाचा थेंब आधी पानांवर, मग झुडपांवर, मग त्या स्पंजासारख्या थरावर पडतो आणि हळूहळू जमिनीत मुरतो. हेच पाणी उन्हाळ्यात झऱ्यांच्या रूपाने वर येते. बांजचा पाला जनावरांच्या पोटात जातो, वाळक्या फांद्या चुलीला लागतात आणि कुजलेला पाला शेतात खत म्हणून पडतो. चीडच्या सुयांसारख्या पानांना जनावरे तोंड लावत नाहीत. जमिनीवर त्यांचा निसरडा, कोरडा थर साचतो, खाली फारसे काही उगवत नाही आणि उन्हाळ्यात एका ठिणगीने तो पेट घेतो. पाऊस पडला की पाणी उतारावरून धावत सुटते.

मग चीड वाढलाच कसा? येथे मीराबेन यांचे निरीक्षण निसर्गाकडून व्यवस्थेकडे वळते. चीडपासून लाकूड आणि राळ मिळते, त्यातून वनखात्याला महसूल मिळतो. ब्रिटिश काळापासून रेल्वेच्या स्लीपरसाठी आणि राळेसाठी या झाडाला झुकते माप मिळत आले होते. बांज खेडुताच्या उपयोगाचा, चीड खजिन्याच्या उपयोगाचा, असा हा सरळ हिशेब होता. दुसरीकडे वन आपले राहिले नाही, ही भावना बळावलेले गावकरीही उरलेला बांज चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी ओरबाडत होते. मीराबेन यांनी खात्याचा दोष दाखविला, त्याचबरोबर गावाचाही दोष झाकला नाही. गावकऱ्यांना विश्वासात घेतल्याशिवाय आणि त्यांच्या गरजा मान्य केल्याशिवाय बांज परत येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. चीडला त्याच्या मूळ उंचीवर परत पाठवावे, बांजला संरक्षण द्यावे आणि रक्षणाची जबाबदारी गावावर सोपवावी, हा उपाय त्यांनी सुचविला. हिमालयात काहीतरी बिघडले आहे, अशा आशयाच्या लेखातून त्यांनी हे सारे मांडले.

जवाहरलाल नेहरूंशी त्यांचा जुना परिचय असल्याने त्यांचे म्हणणे थेट पंतप्रधानांपर्यंत पोहोचत असे. पण वरच्या दारात पोहोचलेले टिपण खालच्या टेबलावर अडकते, हा अनुभव त्यांनाही चुकला नाही. मोठी धरणे, कारखाने आणि वाढता महसूल यांच्या त्या काळात बांजच्या पाल्याची कैफियत ऐकण्याची तयारी कोणाची नव्हती. मध्यंतरी काश्मीरमध्ये गोपालनाचा आणखी एक प्रयोग त्यांनी करून पाहिला. तोही फार काळ टिकला नाही. प्रकृती साथ देईनाशी झाली, निराशा वाढत गेली आणि जानेवारी १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला.

आयुष्याची अखेरची दोन दशके ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या खेड्यात, वनराईच्या आणि बेथोव्हनच्या सान्निध्यात गेली. त्यांचे आत्मचरित्र १९६० साली प्रसिद्ध झाले. आयुष्याच्या संध्याकाळी भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले. २० जुलै १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाचा हिशेब मांडताना अपयशाची बाजू नजरेआड करता येत नाही. एका प्रयोगातून दुसऱ्या प्रयोगात त्या शिरत गेल्या आणि मागे भक्कम संघटना उभी राहिली नाही. त्यांचा भर वरिष्ठांना पटवून देण्यावर राहिला. पण त्यांनी ओळखलेले दुखणे खरे होते, हे पुढील वीस वर्षांत दिसून आले. जुलै १९७० मध्ये अलकनंदेला आलेल्या प्रलयंकारी पुरानंतर वृक्षतोड आणि पूर यांचा संबंध डोंगरातल्या लोकांनी स्वतःच जोडला. १९७३ मध्ये चिपको आंदोलन उभे राहिले. २६ मार्च १९७४ रोजी रेणी गावात पुरुष बाहेर गेलेले असताना गौरादेवी आणि त्यांच्यासोबतच्या स्त्रियांनी झाडे तोडायला आलेल्या मजुरांची वाट अडविली. मीराबेन यांनी ज्या भिलंगना खोऱ्यात निरीक्षणे केली, त्याच खोऱ्यात सिल्यारा येथे सुंदरलाल बहुगुणा यांचा आश्रम होता. त्यांच्या विचारांवर मीराबेन यांचा ठसा होता. सेवाग्राममार्गे हिमालयात गेलेल्या दुसऱ्या इंग्रज गांधीवादी सरलाबेन यांनी कौसानीच्या आश्रमात डोंगरातील मुलींची एक पिढीच घडविली. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या दोघींच्याही कार्याची नोंद घेतली आहे.

पंतप्रधानांकडे गेलेल्या टिपणाने जे साधले नाही, ते झाडाला मिठी मारायला निघालेल्या खेड्यातील स्त्रियांनी साधले. कारण चारा, सरपण आणि पाणी आणण्याचे काम त्यांचेच होते आणि जंगल गेले तर डोक्यावरचा हंडा किती मैल लांब जाणार, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढे हिमालयात एक हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवरील हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर बंदी आली. मोठ्या पुरांची कारणे केवळ वृक्षतोडीत शोधता येत नाहीत, पर्जन्यमान आणि डोंगरांची भूगर्भरचनाही तितकीच जबाबदार असते, असे शास्त्रज्ञ नंतर सांगू लागले. मात्र बांज आणि झरे यांचे नाते गावोगावी अनुभवाला येते आणि उत्तराखंडात २०१६ व २०२४ साली भडकलेल्या वणव्यांच्या वेळी चीडच्या सुयांची चर्चा पुन्हा झाली.

हिमालय आणि मराठवाडा यांत साम्य ते काय, असा प्रश्न पडू शकेल. पण धाराशिवच्या पाण्याचे गणितही उतारावरची माती आणि त्यावर काय उगवते, यावरच अवलंबून आहे. तेरणा आणि मांजरा या नद्यांच्या खोऱ्यांत १९७२ च्या दुष्काळापासून २०१६ पर्यंत टंचाईची मालिका सुरू राहिली. २०१६ मध्ये तर शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षीपासून राज्यात वृक्षलागवडीच्या महामोहिमा सुरू झाल्या आणि २०१९ साली ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले गेले. आकडा मोठा होता. पण कडुनिंब, बाभूळ, बोर, पळस अशी इथल्या मातीतली, शेळीला पाला आणि चुलीला काटकी देणारी झाडे किती, आणि झपाट्याने वाढतात म्हणून लावलेली परकी झाडे किती, हा मीराबेन यांचा प्रश्न अशा प्रत्येक मोहिमेला विचारावा लागेल. येडशीजवळच्या रामलिंग घाटाचे अभयारण्य हे उरलेसुरले जंगल या जिल्ह्यासाठी किती मोलाचे आहे, हेही त्यातूनच उमजते.

शेताच्या बाबतीतही हेच खरे. टंचाईच्या जिल्ह्यात उसाने पाणी ओढले, कारण त्यात रोख पैसा होता. बांज आणि चीड यांच्यातील हिशेबच येथे वेगळ्या रूपात उभा राहिला. त्याला उत्तरही स्त्रियांनीच शोधले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात पुनर्वसनाच्या कामातून महिलांचे गट उभे राहिले. प्रेमा गोपालन यांनी स्थापन केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीने या महिलांनी पुढे एक एकर शेतीचा मार्ग धरला. कुटुंबाच्या जमिनीपैकी एक एकर स्वतःच्या निर्णयाने कसायची, त्यात डाळी, ज्वारी, भाजीपाला अशी कमी पाण्यावर येणारी, घराला पोसणारी पिके घ्यायची आणि शेणखत, गांडूळ खत वापरायचे, अशी ही पद्धत. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला. ज्या स्त्रीच्या नावावर सातबारा नाही, तिने घरातल्या पुरुषांशी बोलून एक एकर मिळविणे हे रेणीच्या जंगलात वाट अडविण्याइतकेच अवघड असू शकते.

मीराबेन यांनी या महिलांना पाहिले नाही आणि यांतील अनेकींनी कदाचित त्यांचे नावही ऐकले नसेल. तरीही दोहोंना जोडणारा धागा स्पष्ट आहे. आपत्ती आली की तिच्या उगमापर्यंत चालत जावे. जमिनीला काय मानवते ते खजिन्याच्या वहीपेक्षा जमिनीलाच विचारावे. आणि जिच्या डोक्यावर हंडा आहे, तिला निर्णयाच्या जागी बसवावे. मीराबेन यांना पहिल्या दोन गोष्टी साधल्या, तिसरी त्यांच्या हातून राहून गेली. ती पुढे गढवालच्या डोंगरांत आणि मराठवाड्याच्या शेतांत खेड्यातील स्त्रियांनी पुरी केली. सेवाग्रामची ती मातीची कुटी पाहायला जाणाऱ्यांनी तेथून परतताना आपल्या गावच्या टेकडीकडे एकदा नीट पाहिले, तिच्यावर कोणते झाड उभे आहे आणि कोणाच्या उपयोगाचे आहे हे तपासले, तर मीराबेन यांचे ते टिपण इतक्या वर्षांनी का होईना, योग्य टेबलावर पोहोचेल.